ऑर्ग-मोडमधल्या नोंदीतून इंकस्केपचा नकाशा थेट उघडता येईल का?

हो, ऑर्ग-मोडमधल्या (ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली नोंदी ठेवायची सोय) निफाडच्या द्राक्षबागेच्या तुमच्या नोंदींतूनच ठिबकचा नकाशा इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो, वेगळं प्लगिन लागत नाही. नोंदीत एसव्हीजी फाइलची (इंकस्केपची चित्रं ज्या प्रकारात सेव्ह होतात ती) लिंक द्या आणि ईमॅक्सच्या ‘ऑर्ग-फाइल-ॲप्स’ सेटिंगमध्ये एसव्हीजीसाठी इंकस्केप नेमा. मग लिंकवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-ओ दाबलं की नकाशा उघडतो. सबमेन (मुख्य पाइपमधून फुटणारा पाइप) किंवा व्हॉल्व्हची जागा बदलली तर तिथेच दुरुस्त करून सेव्ह करायचं. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-व्ही दाबल्यावर चित्र नोंदीच्या मधोमध दिसतंही. फक्त लिंकला वेगळं नाव देऊ नका, नाव दिलं की नुसतं नावच दिसतं.

हे इतकं सोपं आहे कारण ऑर्ग फक्त फाइलचा पत्ता सांभाळतो, चित्र नाही. त्यामुळे नकाशे नोंदींच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी लिंका तुटत नाहीत. शिवाय एसव्हीजी हाही मुळात मजकूरच, म्हणून गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) नोंदी आणि नकाशे दोन्हींचा इतिहास एकत्र राहतो. माझ्या मते खरा फायदा हाच.

एक अट: फाइल आधी तयार हवी. लिंक लिहिल्यानं कोरा नकाशा आपोआप बनत नाही. एक रिकामी एसव्हीजी जवळ ठेवा आणि प्रत्येक प्लॉटसाठी तिची प्रत काढा.