गोळीच्या कोटिंगमधला रंग कोणता, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: सरांनी स्ट्रिपशिवाय दिलेली विटकरी गोळी पाण्यात टाकली, कोटिंग सुटलं, पण गाळलेलं पाणी बिनरंगी आणि यूव्हीत (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं मशीन) पीकच, म्हणजे आलेखातलं टोकच नाही. येणार कुठून? रंग विरघळलाच नाही तर मशीन काय वाचणार!

मी नाशिकला सातपूरच्या औषध कंपनीत क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे. औषध कोणतं ते ठाऊक असेल तर आधी गोळे कॉलनीत (नाशिकचा औषधांचा घाऊक बाजार) जाऊन त्याच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिपा बघा. औषध नियमावलीतल्या नियम १२७ नुसार वापरलेल्या रंगाचं नाव लेबलवर द्यावं लागतं. निम्मं काम तिथेच होतं.

आता प्रयोग. पाणी गारच घ्या. कोटिंगमध्ये बहुधा एचपीएमसी (थर धरून ठेवणारं पॉलिमर) असतं, ते गरम पाण्यात विरघळत नाही, गुठळ्या धरतं. वरचा थर सुटला की गाभा लगेच बाहेर काढा. कोटिंग गोळीच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्केच, त्यातही टायटॅनियम डायऑक्साइड आणि पॉलिमरच जास्त. म्हणून एका गोळीवर भागत नाही, आठ-दहा घ्या.

रंग पाण्यात उतरत नाही म्हणजे एकतर लेक (ॲल्युमिनियमवर बसवलेला रंग), नाहीतर आयर्न ऑक्साइड. गाळाचे दोन भाग करा. एकात पातळ सोडियम हायड्रॉक्साइड घाला. द्रावण रंगलं तर लेक. दुसरा भाग फ्युम हूडमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडात गरम करा, गार झाल्यावर पातळ करून गाळा आणि पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाका. गडद निळा गाळ आला तर लोह. विटकरी म्हटल्यावर माझी पैज याच्यावरच. गोळी लोहाचीच असेल तर मात्र गाभ्यातूनही हाच निळा येतो, तेव्हा कोटिंग ब्लेडने कोरडंच खरवडा.

लेक निघाला तरच यूव्हीकडे वळा, आणि द्रावण आधी उदासीन करून गाळून घ्या. टार्ट्राझिनचं पीक ४२७ नॅनोमीटरच्या आसपास, सनसेट यलो ४८२, ब्रिलियंट ब्लू ६३०. दोन रंगांचं मिश्रण असेल तर पीक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे टीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर रंग वेगळे करायची पद्धत) करा. शेजारी स्टँडर्डचा (माहीत असलेल्या शुद्ध रंगाचा) ठिपका लावल्याशिवाय रिपोर्टमध्ये नाव लिहू नका. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच येतो.