काटापट्टीच्या मागची बाजू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव राळेगाव तालुक्यात आहे. माझा पुतण्या नागपुरात चित्रकलेचे शिक्षण घेतो. माझ्या वडिलांनी तारेत ओवून ठेवलेल्या कापसाच्या जुन्या काटापट्ट्या (काट्यावर कापूस मोजल्यावर मिळणाऱ्या वजनाच्या पावत्या), आईचे एक लुगडे आणि घरातला एकुलता एक जुना फोटो त्याला ‘मिश्रमाध्यम’, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकत्र जुळवून केलेल्या, कलाकृतीसाठी हवा आहे. काही पट्ट्यांच्या मागे वेचणीला येणाऱ्या बायांची नावे आणि किलोंचा हिशोब वडिलांच्या हातचा आहे. थोरले बंधू म्हणतात, मजुरीचा हिशोब प्रदर्शनात लावणे म्हणजे घरची अब्रू वेशीवर टांगणे. ही कला आहे का, आणि वस्तू द्याव्यात का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण ओघात सांगून टाकली आहे, ती म्हणजे पट्टीच्या मागचा हिशोब. राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली. त्या काळातील खरेदीचे, प्रतवारीचे आणि चुकाऱ्याचे कागद सरकारी दप्तरात कोठे ना कोठे सापडू शकतील, कारण पट्टीच्या दर्शनी बाजूला वजन, कडता (वजनातली कपात), तोलाई (तोलण्याची मजुरी) आणि शेतकऱ्याचे नाव असते आणि त्या बाजूची नोंद ठेवणारे बरेच असतात. ओटी बांधून तो कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव मात्र कोणत्याही बाजार समितीच्या वहीत येत नाही. ते आपल्या वडिलांनी मागच्या कोऱ्या जागेत लिहिले, तेही शनिवारी बाजाराच्या दिवशी हिशोब चुकू नये एवढ्याचसाठी लिहिले असेल. नजरेआड राहिलेला इतिहास बहुतेक वेळा असाच, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेल्या कागदावर उरतो. आपल्या पुतण्याला हे उमगले असेल तर त्याची नजर चांगली आहे. उमगले नसेल, आणि पिवळट कागद दिसायला छान म्हणून तो मागत असेल, तर मात्र त्याला पट्टी उलटून दाखवावी.

ही कला आहे का, याचे उत्तर होय असे आहे, आणि ती कालपरवाची नवलाईही नाही. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आपल्या घरच्या छायाचित्रांवर एक मोठी चित्रमालिका केली. त्यांचे आजोबा उमराव सिंग शेरगिल हौशी छायाचित्रकार होते आणि मावशी अमृता शेरगिल प्रसिद्ध चित्रकार होत्या. सुंदरम यांनी आजोबांनी काढलेले वेगवेगळ्या काळांतले फोटो संगणकावर एकत्र जुळवले, त्यामुळे एकमेकांच्या सोबत कधी उभी न राहिलेली वये आणि माणसे एकाच खोलीत आली. आपल्या दृष्टीने यातला मुद्दा असा की जुळवाजुळव प्रतींवर झाली, मूळ फोटोला कात्री लागली नाही. लुगड्याबद्दल शंका वाटत असेल तर शीला गौडा यांचे काम पाहावे. शिक्षणाने त्या चित्रकार, पण १९९० नंतरच्या दशकात त्यांनी शेण, सुया, दोरा आणि कुंकू ही बायकांच्या रोजच्या हाताखालची सामग्री कलादालनात आणली. शेणाने सारवलेल्या अंगणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती निवड समजावून सांगावी लागू नये.

आता थोरल्या बंधूंचे म्हणणे. ते मी हसण्यावारी नेणार नाही. त्या आकड्यांतून मजुरी किती तुटपुंजी होती हे दिसेल आणि ती देणारे आपले घर होते हेही दिसेल. पण मला वाटते, बंधूंना त्या कागदाचा अर्थ पुतण्याच्या आधी कळलेला आहे, म्हणूनच त्यांना तो खुपतो. त्यांना विरोधक न मानता पुतण्याने त्यांच्यासमोर बसून ते हिशोब मोठ्याने वाचावेत, कोण बाई कोणत्या घरची, कोण कोणाची सासू, हे विचारावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. हे सांगणारा माणूस गावात कदाचित तेच एक उरले असतील.

मात्र परवानगी केवळ आपल्या घराची पुरत नाही. ज्यांची नावे त्या पट्ट्यांवर आहेत त्यांच्या लेकीसुना गावात असतीलच, त्यांना आधी जाऊन दाखवावे. एखाद्या घराने नको म्हटले तर ते नाव झाकावे आणि झाकल्याचे दिसू द्यावे. झाकलेली ओळही त्या कलाकृतीचा भाग होते.

काटापट्ट्या आणि फोटो द्या, पण प्रतींच्या रूपात; मूळ कागद आणि फोटो घरातच ठेवा. दोन्ही बाजूंचे स्कॅन करून घ्या, मधले तारेचे भोक आणि त्याभोवतीचे गंजाचे कडेही त्यात आले पाहिजे. कागदांना लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. चिकटपट्टी तर मुळीच लावू नका, कालांतराने तिचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी डाग पडतो. तार काढून कागद सुती कापडात सपाट ठेवा, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवली तर कसर लागण्याची भीती कमी होते. लुगडे द्यायचे की नाही हे आपल्या आई हयात असतील तर त्यांनी ठरवावे. आपण आणि बंधूंनी त्यात पडू नये.

प्रश्न : आमच्या भागातले प्रभाकर पाचपुते कोळशाने भिंतीवर चित्रे काढतात आणि प्रदर्शन संपले की ती पुसली जातात असे ऐकले. मग आठवण जपली कशी म्हणायची?
— एक वाचक, राजुरा

उत्तर : पाचपुते आपल्याच राजुरा तालुक्यातील सास्तीचे. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. शिल्पकलेचे शिक्षण त्यांनी खैरागड आणि बडोदा येथे घेतले आणि २०२२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले. एक खुलासा करतो : त्यांचा चित्राचा कोळसा म्हणजे खाणीतला दगडी कोळसा नव्हे, तो लाकडाचा. पण खाणकामगाराच्या मुलाने काळ्या भुकटीने माणूस काढला की हा फरक पाहणाऱ्याच्या मनातून पुसट होतो, आणि मला वाटते ते त्यांना हवेही असावे. त्यांच्या चित्रांतील कित्येक माणसांना डोक्याच्या जागी अवजार किंवा यंत्र असते. ज्या भागात खुल्या खाणीने शेत आणि पांदण गिळली, ढिगाऱ्यांनी डोंगरांची जागा घेतली, तेथे पुसली जाणारी भिंत हे त्या भूमीचेच वर्णन आहे. शिवाय सगळेच काम पुसले जात नाही, त्यांची मोठी कॅनव्हासवरची चित्रे आणि शिल्पेही आहेत.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. खर्च न करता मुलांकडून जुन्या कागदांवर आणि घरच्या आठवणींवर असे काही कलाकाम करून घेता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, आपण वर्ध्याच्या आहात म्हणून एक उदाहरण आधी देतो. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे छोटेसे पत्र लिहिले, त्यावर ठिकाण वर्धा असे आहे. चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१२ मध्ये ते पत्र धुक्याच्या पडद्यावर प्रकाशाने उमटवले. अक्षरे वर सरकत राहतात आणि प्रेक्षक त्या धुक्यातून, म्हणजे पत्राच्या मजकुरातूनच, चालत पलीकडे जातो. आपल्या जिल्ह्यातून लिहिलेला एक कागद असा जगभर फिरला हे मुलांना सांगावे. धुक्याचे यंत्र अर्थात शाळेला परवडणार नाही.

परवडेल असे काम झरीना हाश्मी यांचे आहे. अलीगढमध्ये वाढलेल्या आणि पुढे देशोदेशी राहिलेल्या झरीना यांनी १९९९ मध्ये घराच्या आठवणीवर ३६ काष्ठठसे (लाकडावर कोरून कागदावर उमटवलेली चित्रे) केले, प्रत्येकात एक साधा आकार आणि एक उर्दू शब्द. आपल्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून एकेक शब्द आणावा : सपरी, सांदवाडी, कोठा, बंडी, डवरा. पाठकोऱ्या कागदावर कापलेल्या बटाट्याचा किंवा भेंडीचा ठसा उमटवून खाली तो शब्द लिहावा आणि मागच्या बाजूस तो कोणी सांगितला त्यांचे नाव, मग सगळे कागद वर्गात सुतळीवर अशा उंचीला टांगावेत की दोन्ही बाजू वाचता येतील. तपासताना एवढेच करा की आजीने ‘कोठा’ सांगितला असेल तर लाल शाईने त्याचा ‘गोठा’ करू नका.