फॉर्म बाजूला ठेवा, आधी शेजारी जाऊन बसा

प्रश्न : ताई, आमच्याकडे साधारण ८० माणसं आहेत. दरवर्षी मी विभागप्रमुखांना प्रशिक्षणाच्या गरजांचा फॉर्म पाठवते. भरून येतं तेच ते : संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, एक्सेल. प्रशिक्षण होतं, सगळे ‘छान झालं’ म्हणतात, पण काम होतं तिथेच राहतं. यंदा बिलांतल्या चुकांवरून ओरड आहे. साहेब म्हणतात, ‘अख्ख्या विभागाला ट्रेनिंग द्या.’ खरी गरज ओळखायची कशी?
– मनुष्यबळ विभागातील एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली. आमच्या गोदामातून चुकीचा माल बाहेर जायचा. मी पॅकिंगच्या १४ जणांना दोन दिवस वर्गात बसवलं. महिन्याभराने चुका तेवढ्याच. मग एका सकाळी त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी नुसती उभी राहिले. दोन वस्तूंच्या कोडमध्ये फक्त शेवटचा आकडा वेगळा होता आणि दोन्ही खोकी एकाच फळीवर, एकमेकांना लागून. एक खोकं दुसऱ्या रॅकवर हलवलं आणि बहुतेक चुका थांबल्या. जे त्यांना येत होतं तेच मी त्यांना दोन दिवस शिकवत बसले होते. त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न हा : हे काम या माणसाने पूर्वी कधी बरोबर केलंय का? केलं असेल, तर त्याला ते येतं. मग अडचण सॉफ्टवेअरमध्ये असेल, उशिरा मिळणाऱ्या माहितीत असेल, किंवा ‘बरोबर’ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नसेल. वर्षातून एकदाच करायचं काम असेल, तर वर्ग कशाला? टेबलावर चिकटवलेली पायऱ्यांची यादी पुरते.

मॅगही आणि थेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच सांगितलं होतं की गरज तीन ठिकाणी शोधावी : संस्थेत, कामात आणि माणसात. तुमचा फॉर्म फक्त माणसाबद्दल विचारतो, तेही त्याच्या साहेबांना.

आता तुमची बिलं. गेल्या तीन महिन्यांत परत आलेली सगळी बिलं काढा आणि टेबलावर ढीग लावा. चूक कोणती, कुणाची, महिन्याच्या कोणत्या तारखेची? एकच चूक सगळ्यांकडून होत असेल, तर दोष बहुधा पद्धतीत आहे. फक्त नव्या लोकांकडून होत असेल, तर त्यांना रुजू होताना काय शिकवलं ते तपासा. महिनाअखेरीलाच होत असेल, तर तो कामाचा ताण आहे. एकाच माणसाकडे बोट जात असेल, तर त्याच्याशी बोला, बाकीच्यांना वर्गात बसवू नका. हे करायला दोन दिवस लागतील, पण साहेबांसमोर ठेवायला याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही.

मग ज्याची बिलं कधीच परत येत नाहीत, त्याच्या शेजारी अर्धा दिवस बसा. नंतर ज्याची वारंवार येतात, त्याच्या शेजारी. पहिला जे करतो आणि दुसरा करत नाही, त्यातलं शिकवण्यासारखं जे असेल तोच तुमचा अभ्यासक्रम.

बोलताना ‘तुम्हाला कोणतं ट्रेनिंग हवंय?’ असं विचारू नका. ‘शेवटचं कधी अडलात? तेव्हा काय झालं?’ असं विचारा. घडलेला प्रसंग विचारण्याची ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडली. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांवरच्या अभ्यासात आहे. प्रसंग सांगताना माणूस मोकळा होतो. मात्र हे पगारवाढीच्या मूल्यमापनाशी जोडणार नाही, असं आधी स्पष्ट सांगा आणि शब्द पाळा. नाहीतर कुणीच खरं सांगणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकणारही नाही.

साहेबांना नकार देऊ नका, दोन आठवडे मागा. आणि आज महिन्याला किती बिलं परत येतात, तो आकडा आत्ताच लिहून ठेवा. नंतर फरक पडला की नाही, हे तुम्हाला त्याच्याशीच ताडून बघायचं आहे.