साडेनऊ लाखांची आयर्लंड सहल : पैसे आहेत, पण ते नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ६२ वर्षांचे, अनुदानित शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. पत्नी ५९. पेन्शन दरमहा ४६,००० रुपये, घरखर्च ४८,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (खाते १४ महिन्यांपूर्वी उघडलेले), बँकेत ६ आणि ८ लाखांच्या दोन मुदत ठेवी, इक्विटी म्युच्युअल फंडात ११ लाख (गुंतवलेले साडेसहा), बचत खात्यात ३ लाख. कर्ज नाही, मुलीचे लग्न झालेले. पत्नीच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन वर्ष-दीड वर्षात करावे लागेल, डॉक्टरांनी ३ लाख सांगितले आहेत. पुढच्या मे महिन्यात दोघांना आयर्लंडचा इतिहास पाहायला बसच्या गाइडेड टूरने जायचे आहे. हातात दोन कोटेशन आहेत. एक इथल्या एजन्सीचे, मुंबई ते मुंबई, ९ रात्री, ९,५९,१७५ रुपये. दुसरे डब्लिनहून निघणाऱ्या तिथल्याच कोच टूरचे, ७ रात्री, माणशी १,९५० युरो, विमान आणि व्हिसा आपला आपण. जावे का, कोणत्या टूरने, आणि पैसे कुठून काढावेत?

नमस्कार सर,

जाण्याइतके पैसे तुमच्याकडे आहेत. बचत योजनेचे ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० म्हणजे महिन्याला २०,५०० येतात. पेन्शन धरून ६६,५००, ठेवींचे व्याज वेगळे. सहा लाखांची ठेव पूर्ण संपवली तरी महिन्याला साधारण साडेतीन हजारच कमी होतील. तुम्ही न विचारलेली पण विचारायला हवी अशी बाजूही तपासली. तुमच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन पेन्शनच्या ६० टक्के, म्हणजे २७,६०० च्या आसपास मिळेल. बचत योजनेचे आणि उरलेल्या ठेवीचे व्याज मिळवून ५२ हजारांवर जाते. एकटीच्या खर्चाला ते पुरते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’.

आता कोटेशन. एजन्सीचे मूळ पॅकेज ८,७०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ४३,५००, आणि टीसीएस (एजन्सीने सरकारसाठी गोळा करायचा कर) म्हणून ४५,६७५. हा शेवटचा आकडा जुना आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के टीसीएस होता. १ एप्रिल २०२६ पासून तो सरसकट २ टक्के झाला आहे. म्हणजे १८,२७०, आणि एकूण ९,३१,७७०. एजन्सीला फोन करून कोटेशन दुरुस्त करून घ्या. टीसीएस हा खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. तुमचे सगळे उत्पन्न नऊ लाखांच्या आसपास आहे, नव्या कररचनेत त्यावर कर शून्य, म्हणून रिटर्न भरल्यावर सगळा परत येईल. मात्र पावती तुमच्याच नावे आणि पॅनने घ्या. पत्नी रिटर्न भरत नाहीत; त्यांच्या पॅनवर गेला तर तेवढ्यासाठी त्यांचे रिटर्न भरत बसावे लागेल.

डब्लिनच्या टूरचा जाहिरातीतला आकडा स्वस्त दिसतो, कारण निम्मा खर्च त्याच्या बाहेर आहे. पूर्ण हिशेब असा येतो (१ युरो = १०५ रुपये धरून):

टूर, दोघांची, ३,९०० युरो : ४,०९,५००
कार्डाचे ३.५ टक्के परकीय चलन शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी : १६,९१२
मुंबई-डब्लिन विमान, आखातातून, दोघांचे : १,५०,०००
व्हिसा, केंद्राचे सेवाशुल्क, कुरिअर : १८,०००
प्रवास विमा : ८,०००
डब्लिनमध्ये जास्तीच्या २ रात्री : ३७,८००
टूरमध्ये नसलेली ९ दुपारची आणि ५ रात्रीची जेवणे, ५५० युरो : ५७,७५०
ड्रायव्हर-गाइडची टिप, १०० युरो : १०,५००
टूरबाहेरची दोन ठिकाणे, १५० युरो : १५,७५०

बेरीज ७,२४,२१२. विमान आणि हॉटेलचे आकडे अंदाजाचे आहेत, दहा टक्के इकडे-तिकडे होतील. तरी एजन्सीपेक्षा दोन लाखांचा फरक राहतो. त्या दोन लाखांत एजन्सी काय देते? रोज भारतीय जेवण, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, व्हिसाची कागदपत्रे भरून देणारा माणूस. हे फुकट नाही, आणि इंग्रजी ऐकायची किंवा बाहेरच्या जेवणाची अडचण असती तर मी हेच घ्या म्हटले असते. तुमच्या पत्रावरून तशी अडचण दिसत नाही.

खरा फरक कार्यक्रमपत्रिकेत आहे. एजन्सीच्या नऊ रात्रींपैकी तीन लंडनला जातात. किल्मेनहॅम तुरुंगापुढे ‘बाहेरून दर्शन’ असे लिहिले आहे. १९१६ चा ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव जिथून जाहीर झाला ते जनरल पोस्ट ऑफिस ‘बसमधून’. न्यूग्रेंजची प्राचीन समाधी नाहीच. तुम्ही लिहिले आहे की, टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली, त्याच महिन्यात डब्लिनचा उठाव झाला, आणि ‘होमरूल’ हा शब्दही मूळ आयरिश चळवळीचा, म्हणून ती जागा पाहायची आहे. मग उठावाच्या १४ नेत्यांना किल्मेनहॅमच्या ज्या अंगणात गोळ्या घातल्या, ते अंगण रस्त्यावरून दिसत नाही, हे लक्षात घ्या. आत फक्त तिथल्या गाइडबरोबर, ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर जाता येते. तिकिटे २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि मेमध्ये पटकन संपतात. ६० वर्षांवरच्यांना सवलतीचा दर आहे.

म्हणून कोणत्याही कोच टूरची पत्रिका हातात आली की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ठिकाणापुढे खूण करा: आत जाणार, बाहेर थांबणार, की बसमधून दाखवणार. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बसमधून, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटे. ‘पाहू’ आणि ‘भेट देऊ’ यांत प्रवेशशुल्काइतका फरक असतो. ‘प्रवेश तिकीट समाविष्ट’ असे शब्द नसतील तर ते समाविष्ट नाही असेच समजा. डब्लिनच्या टूरमध्ये ट्रिनिटी कॉलेजचे बुक ऑफ केल्स हे जुने हस्तलिखित, किल्केनी, रॉक ऑफ कॅशेल, कोव्ह बंदर, बनरॅटी किल्ला आणि क्लॉनमॅक्नॉइस यांचे प्रवेश धरलेले आहेत. किल्मेनहॅम आणि न्यूग्रेंज त्यातही नाहीत. म्हणूनच वरच्या हिशेबात डब्लिनच्या दोन रात्री आणि १५० युरो धरले आहेत.

न्यूग्रेंजचे बारकावे आधी माहीत असू द्या. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची ही समाधी पिरॅमिडांहून जुनी आहे. तिथे गाडीने थेट जाता येत नाही. बॉयन खोऱ्यातल्या अभ्यागत केंद्रात तिकीट घ्यायचे, तिथून शटल बस. आतली वाट १९ मीटर लांब, अरुंद, काही ठिकाणी वाकून जावे लागते. तिकिटे दोन-तीन प्रकारची असतात, आणि गर्भकक्षात प्रवेश प्रत्येकात नसतो. स्वस्त तिकीट घेऊन बाहेरून परत येणारे बरेच असतात. ट्रिनिटीतही एक गोष्ट: माहितीपत्रकातल्या फोटोत तिथल्या जुन्या ग्रंथालयाच्या दालनाची, लाँग रूमची, कपाटे पुस्तकांनी भरलेली दिसतात, पण जतनाच्या कामासाठी तिथली दोन लाख पुस्तके हलवली आहेत. नवव्या शतकाच्या सुरुवातीचे केल्सचे हस्तलिखित दिसेल, कपाटे बहुतेक रिकामी दिसतील.

गुडघ्याचा विचार इथेही यायला हवा. कॅशेलला बस खाली थांबते आणि वर चढ आहे. किल्मेनहॅमला जिने आहेत. क्लॉनमॅक्नॉइस त्या मानाने सपाट. रोज नवे हॉटेल असलेली टूर टाळा. रोज सकाळी सातला बॅगा भरून लॉबीत ठेवणे हे गुडघ्याला चालण्याइतकेच जाचक असते. डब्लिनच्या टूरमध्ये किलार्नी आणि गॉलवे येथे दोन-दोन रात्री आहेत, हे चांगले. बस किती पळेल याचीही काळजी नको: युरोपच्या नियमाने ड्रायव्हरला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे विश्रांती सक्तीची आहे. केरीच्या वळसेदार रस्त्याच्या दिवशी मात्र बसून बसून पाय आखडतात. त्या दिवशी पत्नीला मधल्या वाटेच्या बाजूची सीट मागून घ्या. सीट रोज बदलत असतात, आधी सांगितले तर जमते.

व्हिसाची चूक सगळ्यांत महाग पडते. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो; आयर्लंड त्या गटात नाही, तो व्हिसा तिथे चालत नाही. एका प्रवेशाच्या आयरिश व्हिसाचे शुल्क माणशी ६० युरो आहे, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे विमान तिकीट घेऊ नका. बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट लागते, आणि इथे निवृत्त मंडळी हमखास अडकतात. ‘खात्यात भरपूर दिसायला हवे’ म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात ठेव मोडून बचत खात्यात टाकतात. अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा नसेल तर अर्ज त्यावरच फेटाळला जाऊ शकतो. तुमची सहा लाखांची ठेव जानेवारीत संपते. ती रक्कम खात्यात आली की ठेवीच्या पावतीची आणि बँकेच्या मुदतपूर्ती सूचनेची प्रत अर्जाला जोडा, दोन ओळींचे पत्र लिहा.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा मोह होईल. डब्लिनहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास, वाटेत तपासणी नाका नाही. पण ते युनायटेड किंगडम आहे आणि भारतीय पासपोर्टला परवानगी लागतेच. आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा ‘बीआयव्हीएस’ शिक्का असेल तर त्याच व्हिसावर जाता येते. जायचे असेल तर तो पर्याय अर्जातच मागा. त्यात जो व्हिसा, त्या देशात पहिला प्रवेश, हा नियम आहे. एजन्सीची टूर लंडनहून सुरू होते, म्हणून तिथे व्हिसा ब्रिटनचा लागेल.

पैसे कुठून. बचत योजनेला हात लावू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातेच बंद करावे लागते. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केले तर दीड टक्का कापतात, म्हणजे ३० लाखांवर ४५,०००. एजन्सी देते तो ‘नो कॉस्ट’ हप्ताही नको: व्याजावर जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुम्हीच भरता, शिवाय रोखीची सवलत जाते.

जानेवारीत संपणारी ६ लाखांची ठेव सहलीला लावा. उरलेले सव्वा लाख म्युच्युअल फंडातून. इक्विटीवरचा दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यावर १२.५ टक्के. फंडात आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात, त्यामुळे नफ्याचे प्रमाण तुमच्या ४१ टक्के सरासरीपेक्षा जास्त निघेल. तरी सव्वा लाखच काढणार असल्याने कर लागत नाही. फेब्रुवारीत काढून ठेवा, बाजार पडलेला असला तर वाट पाहायला एप्रिल हाताशी राहील.

आठ लाखांच्या ठेवीतले ३ लाख गुडघ्याचे. ती ठेव नूतनीकरणाच्या वेळी ३ आणि ५ अशी फोडून घ्या, म्हणजे ऑपरेशनला सगळी मोडावी लागणार नाही. आरोग्य विमा गेल्या वर्षीच घेतला असे तुम्ही लिहिले आहे. सांधेरोपणाला पॉलिसीत सहसा दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. तो कागद आजच काढून पाहा. तारीख जवळ असेल आणि डॉक्टर थांबा म्हणाले तर हे तीन लाख वाचतीलही. बचत खात्यातले तीन लाख हा सहा महिन्यांचा घरखर्च आहे, तो सहलीच्या हिशेबात धरू नका.

युरोचा भाव पाच रुपयांनी वाढला तर टूरचा खर्च १९,५०० ने वाढतो. बुकिंगची रक्कम आता आणि बाकी प्रस्थानाच्या साठ दिवस आधी भरायची आहे. मधल्या काळात फॉरेक्स कार्डावर दोन-तीन टप्प्यांत युरो भरून ठेवा, ते जेवणाखाणाला लागतीलच. तिथल्या दुकानात मशीन ‘रुपयांत भरता का’ विचारेल, तिथे युरो निवडा. टूरचे पैसे कार्डाऐवजी बँकेतून पाठवायचे असतील तर बँकेचा त्या दिवसाचा विक्रीदर, शुल्क आणि टीसीएस लेखी मागून घ्या आणि १६,९१२ शी ताडून पाहा.

विमा घेताना दोघांची जुनी दुखणी, गुडघ्यासह, फॉर्ममध्ये लिहा. सहल रद्द होण्याचे कलम आणि त्यात व्हिसा नाकारल्याची तरतूद आहे का, ते वाचून मगच टूरची पहिली रक्कम भरा.