गोळी उडालीच नाही, आता?

प्रश्न: माझी मुलगी अकरावीला आहे, क्लबात पॉइंट टू टू रायफलने ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) मारते. हल्ली बॉक्समागे दोन-तीन गोळ्या उडतच नाहीत, नुसतं टक वाजतं. बाकीची पोरं लगेच बोल्ट (मागची सरकती खिटी) उघडून गोळी जरा फिरवून परत घालतात, आणि बऱ्याचदा ती उडते पण. हे बरोबर आहे का? दोष गोळ्यांचा की रायफलचा?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर: गोळी फिरवली की उडते हे खरंय, पण ते लगेच बोल्ट उघडणं आधी बंद करायला सांगा प्लीज. कधीकधी आतला मसाला उशिरा पेट घेतो आणि नेमका तेव्हा बोल्ट उघडा असला तर पुंगळी (गोळीचं पितळी आवरण) चेंबरच्या, म्हणजे बॅरलमध्ये गोळी बसते त्या जागेच्या, बाहेर फुटते, पितळेचे तुकडे तोंडावर येतात. त्यामुळे टक वाजलं की बॅरल टार्गेटकडेच, बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि किमान ३० सेकंद थांबायचं, मॅच असेल तर हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. आणि डोळ्याला चष्मा हवाच, प्रॅक्टिसलाही.

आता फिरवल्यावर का उडते? या गोळीला मोठ्या काडतुसासारखा मध्यभागी वेगळा प्रायमर (ठोक्याने पेटणारी टोपी) नसतो, ठोक्याने पेटणारा मसाला बुडाच्या कडेत म्हणजे रिममध्ये असतो. कारखान्यात ओला मसाला टाकून पुंगळी गरगर फिरवतात, तो कडेला जाऊन बसतो. एखाद्या ठिकाणी तो नीट पोचला नाही आणि रायफलची ठोका देणारी पिन नेमकी तिथेच पडली की टक.

म्हणून न उडालेली गोळी हातात आली की रिमवरची खूण बघा, आणि शेजारी उडालेल्या गोळीची पुंगळी धरून बघा. दोन्हीकडे खड्डा सारखाच खोल असेल तर बहुतेक गोळीच खराब. न उडालेलीवर नुसता ओरखडा असेल तर रायफल बघा: स्प्रिंग थकलेली, पिन झिजलेली, किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेलं तेल आणि काजळी.

तिसरं एक कारण पटकन लक्षात येत नाही. गोळीवरचं मेण आणि शिसं चेंबरच्या तोंडाशी साचतं, मग गोळी पूर्ण आत बसत नाही, पिनचा पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच जातो, दुसऱ्या ठोक्याला ती उडते आणि लोक गोळीच्या कंपनीला नावं ठेवतात. आधी चेंबर साफ करून घ्या, मग त्याच लॉटच्या गोळ्या क्लबातल्या दुसऱ्या रायफलमध्ये मारून बघायला सांगा. तिथे सगळ्या उडाल्या तर दोष तुमच्या रायफलमध्ये आहे.

माझं मत विचाराल तर प्रॅक्टिसमध्ये, कोच शेजारी असताना, थांबून झाल्यावर एकदाच फिरवून मारावी, तरी नाही उडाली तर बाजूला. मॅचमध्ये ती गोळी परत घालूच नये. तुमच्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या त्या ६०० पैकी ५९७ मारून, म्हणजे ६० शॉटमध्ये गेले फक्त तीन पॉइंट. तिथे "ही उडेल की नाही" असा विचार डोक्यात घेऊन ट्रिगर दाबणं परवडत नाही.

खराब गोळ्या खिशात, कचऱ्यात किंवा घरी अजिबात नकोत, पकडीने उघडणं तर नाहीच, आतला मसाला धक्क्याने पेटतो. तेलात टाकली की मेली असंही समजू नका. न उडालेली गोळी कायद्याने काडतूसच आहे, हिशोबासकट रेंज इनचार्जकडे द्या.

प्रश्न: परवा आवाज एकदम फुसका आला आणि टार्गेटवर भोकच नाही. मुलगी पुढची गोळी घालणार होती, कोचने ओरडून थांबवलं. एवढं का?
– तेच पालक

उत्तर: कोचचे आभार माना. आतली दारू (मसाल्याने पेटून शिसं पुढे ढकलते ती) कमी किंवा ओली असली की गोळीचं शिसं बॅरलमध्येच अडकून राहतं, त्याच्यामागे दुसरी गोळी मारली की बॅरल फुगते नाहीतर फाटते. असा आवाज आला की तिथेच थांबायचं, तितकाच वेळ रायफल टार्गेटकडे धरून मग बोल्ट काढायचा आणि मागच्या बाजूने बॅरलमधून उजेड आरपार दिसतो का बघायचं. नाही दिसला तर घरी सळई घालून ठोकाठोकी करू नका, आर्मररकडेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या.