जत्रेला बारा दिवस, पद्मिनीचा खर्च एक लाख पंधरा हजार: मुदत ठेव मोडावी का?

चिपळूणच्या एका वाचकांकडे वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील आता नाहीत. आईला आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला याच गाडीतून जायचं आहे. जत्रेची तारीख कौलानं ठरली, रजा मंजूर व्हायला वेळ गेला आणि आता हातात बारा दिवस उरलेत. मालवणची एक फेरी धरून येऊन-जाऊन पाचशे किलोमीटर होतील. दोन वर्षं गाडी बहुतेक शेडमध्येच उभी होती. गॅरेजनं दिलेला अंदाज असा: ब्रेक ९,५००, रेडिएटर व वॉटर पंप ६,०००, कार्बोरेटर व पेट्रोल लाइन ३,०००, चार टायर १४,०००, बॅटरी-वायरिंग ५,५००, हाफ इंजिन (रिंग, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलणं) ३२,०००, पत्राकाम व रंग ४५,०००. प्रवासखर्च वगळून गाडीसाठी हातात २५,००० आहेत. उरलेल्यासाठी दीड लाखाची मुदत ठेव मोडावी, की क्रेडिट कार्डावर हप्ते पाडावेत, असं ते विचारतात. ठेव वर्षाची, सात टक्क्यांची आहे, मुदत संपायला पाच महिने आहेत आणि घरात अडीअडचणीला तेवढीच पुंजी आहे. रंग दिला की गाडीची किंमतही वाढेल, असं त्यांना वाटतं.

सप्रेम नमस्कार.

आईंना त्या गाडीतून न्यायचं, हा तुमचा निर्णय मी खर्चाच्या तराजूत घालणार नाही. तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की बारा दिवसांत कशावर पैसे घालायचे. माझं उत्तर: ठेव मोडू नका, हाफ इंजिन आणि रंग या यादीतून आजच काढा. ७७,००० तिथेच कमी झाले. राहिले ३८,०००, त्यातही थोडी काटछाट होऊ शकते.

सगळ्यात आधी ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा) एकाच सर्किटचा असेल, तर एका चाकाची गळती म्हणजे चारही चाकांचा ब्रेक गेला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. किनाऱ्याच्या दमट हवेत दोन वर्षं उभ्या गाडीचं ऑइल बदललेलंच बरं. नाहीतर उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. व्हील सिलिंडरांची रबरं चारही चाकांची एकदम बदला. एकाच बाजूची बदलली, तरी उरलेली जुनी रबरं तेवढीच थकलेली असतात आणि तिथून गळती सुरू होऊ शकते. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात, मग ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं होत नाही. तेही यादीत हवेत. काम झाल्यावर पेडल एक मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं, तर गाडी ताब्यात घेऊ नका. या ९,५०० मधला एक रुपयाही कमी करायचा नाही.

पेट्रोल लाइन ३,००० ची असली तरी महत्त्व ब्रेकइतकंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७८ च्या गाडीतले रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम त्या पेट्रोलासाठी बनलेलेच नाहीत. ते मऊ पडतात, चिरतात, आणि गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्या, सोबत नव्या क्लिपा आणि एक फिल्टर. टाकीतलं दोन वर्षांचं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल पाणी ओढतं, पाण्यानं टाकी गंजते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. गाडीत एक किलोचं अग्निशामक नळकांडं ठेवा.

रेडिएटरबद्दल एक सूचना. कणकवलीहून आंगणेवाडीकडे वळलात, की जत्रेच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगणार. जुनं इंजिन तापतं ते अशाच वेळी, कारण गाडी जवळपास उभी असली की रेडिएटरला हवा फक्त पंख्याची मिळते. विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा थर आत बसला असेल, तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकतो म्हणाले तर नको म्हणा, नवा बसवायला सांगा. पाणी डिस्टिल्ड, त्यात कूलंट. फॅन बेल्ट नवा बसवा आणि चालू स्थितीतला जुना डिकीत ठेवा. थांबत थांबत जाताना इंजिन अचानक दम तोडू लागलं, तर बऱ्याचदा पेट्रोलची पंपातच वाफ झालेली असते. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा.

टायरचे १४,००० लगेच देऊ नका. आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१४१५’ म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायर दहा वर्षांच्या पुढचे असतील किंवा बाजूला चिरा असतील, तर चारही बदला, ट्यूबसकट. पाच-सहा वर्षांच्या आतले आणि न चिरलेले असतील, तर हे पैसे वाचले. बॅटरीचंही तसंच. पूर्ण चार्ज केल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या जवळ आकडा दिसला आणि सेल्फ मारताना बॅटरी ढेपाळली नाही, तर ती बदलू नका. वायरिंगमध्ये फक्त सडलेले सांधे आणि अर्थिंग पाहून घ्या.

आता हाफ इंजिन का नको? रिंग, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदललेलं इंजिन पहिले हजारभर किलोमीटर जपून चालवायचं असतं, मग हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे असतात. असं घट्ट इंजिन घेऊन उन्हात जत्रेच्या रांगेत उभं राहणं म्हणजे ३२,००० पणाला लावणं. मशिनिंगला सिलिंडर ब्लॉक बाहेर पाठवावा लागला, तर बारा दिवस त्यातच जातील. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा गरम इंजिनावरही विझलेला राहत असेल, तर थोडा निळा धूर चालेल. दोन लिटर ऑइल सोबत ठेवा, दर शंभर किलोमीटरला पट्टी पाहा.

रंगानं किंमत वाढेल, हा हिशेब मला पटत नाही. गंज कापून न काढता घाईत मारलेला रंग खाऱ्या हवेत पुढच्या पावसाळ्यात फुगतो, आणि जाणकार गिऱ्हाईक असा रंग आधी खरवडून पाहतं. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार टॅक्सींवरच जगत होता, त्यामुळे पुढे भाग दुर्मीळ होणार. गाडी टिकवायची असेल, तर रंगाआधी ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याच्या बाजारातून एक वॉटर पंप, ब्रेकची रबरं, डिस्ट्रिब्युटर कॅप घेऊन ठेवा. पैसा तिथे जास्त काळ काम करेल. रंगाचा विचार पावसाळ्यानंतर. मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या सस्पेन्शनचे पत्रे टोचून पाहा. तिथे आरपार गेला, तर ही गाडी प्रवासाला नेऊ नका, बाकी सगळं नवं असलं तरी.

कागदपत्रं आजच काढा. नोंदणीची मुदत संपली असेल, तर बारा दिवसांच्या भरवशावर राहू नका. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. तुमच्या १,०८९ सीसी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरानं ३,४१६ रुपये, वर जीएसटी आणि चालकाचा अपघात विमा; पाच हजार धरा. इतक्या जुन्या गाडीला कंपन्या बहुधा तेवढंच देतात. म्हणजे गाडीला काही झालं, तर खर्च तुमचा. पीयूसी नसेल तर दंड १०,००० पर्यंत जातो.

टायर बदलावे लागले आणि बॅटरी वाचली असं धरू. ब्रेक, रेडिएटर, पेट्रोल लाइन, टायर मिळून ३२,५००. इग्निशनचे सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग, शिवाय ट्यूब, ऑइल अशा सोबतच्या सामानाला ३,०००. विमा ५,०००. एकूण ४०,५००. कमी पडतात १५,५००. ते ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन, म्हणजे ठेव न मोडता ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे बँकेकडून उचलून, भागवा. बँका ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त घेतात. नऊ टक्के धरले आणि महिन्याला ४,००० फेडले, तर चार महिन्यांत व्याज तीनशेच्या आसपास. हीच थकबाकी कार्डावर साडेतीन टक्के महिन्यानं फिरवली, तर जीएसटीसह दीड हजारावर जाते. ठेव मोडली, तर दंड कापून आजवरच्या सात महिन्यांचंही व्याज कमी दरानं मिळेल, आणि घरची एकमेव पुंजी सुटी होईल. ती रंगाकडे वळायला वेळ लागणार नाही. म्हणूनच ओव्हरड्राफ्टची मर्यादाही बँकेकडून ३०,००० च ठरवून घ्या. न वापरलेल्या रकमेवर व्याज नाही, आणि वाटेत टोइंग करावं लागलं तर तीच कामाला येईल.

काम आठव्या दिवशी थांबवा. नवव्या दिवशी घरच्यांना न घेता पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला जा आणि परत या. चढावर तापमानाचा काटा कुठे जातो आणि उतरल्यावर पेडल किती वर राहतं, ते पाहा. उतरताना तिसरा-दुसरा गिअर वापरा, ब्रेकवर बसून उतरू नका. परतल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल, तर ब्रेक अडकतो आहे. ते नीट करायला दोन दिवस उरतात. चिपळूण-कणकवली रेल्वेची तिकिटंही आजच काढून ठेवा. रद्द करताना थोडे पैसे कापले जातील, ते जाऊ द्या.

गॅरेजला आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. प्रत्येक भागाचं वेगळं बिल मागा, काढलेले जुने भाग परत घ्या, आणि अंदाजाबाहेरचं कुठलंही काम तुम्हाला फोन करून विचारल्याशिवाय करायचं नाही, हे कामाच्या कागदावरच लिहून घ्या.