त्या सकाळी त्यांना काय माहीत होतं?

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाहुणे इतिहासकार तुमच्या विद्यापीठात येणार, विषय अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन आणि तिथलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध, आणि पहिला प्रश्न तुझा. आनंद झाला. फक्त ‘लिंकन एवढे थोर कसे?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नात युद्धाचा निकाल आधीच येऊन बसलेला असतो.

जाण्याआधी एक कागद वाच. तारीख २३ ऑगस्ट १८६४. लिंकन यांचे सेनापती ग्रँट दक्षिणेच्या पीटर्सबर्गपुढे अडकलेले, दुसरे सेनापती शर्मन अटलांटाबाहेर, घरोघरी सुतक आणि निवडणूक अडीच महिन्यांवर. लिंकन लिहितात, की आज सकाळी, गेले काही दिवस वाटतंय तसंच, हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही असं दिसतं. तसं झालं तर नव्या अध्यक्षाच्या शपथविधीपर्यंत त्याला साथ देऊन संघराज्य वाचवणं माझं कर्तव्य ठरेल. मग कागद दुमडून, आतलं अक्षरही न दाखवता, त्याच्या मागच्या बाजूवर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. ११ नोव्हेंबरला त्यांच्यासमोर तो उघडायची वेळ आली, तेव्हा इतका घट्ट चिकटवलेला निघाला की कापावा लागला!

मधे काय घडलं ते तुला ठाऊक आहे. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं, वारं फिरलं, आणि लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांनी) जिंकले. पण हे सगळं कागदानंतरचं. हरणार असं मनोमन धरून चाललेला माणूस, हाताशी एवढं मोठं सैन्य, तरी निवडणूक ठरल्या दिवशी होऊ देतो. मला लिंकन सर्वांत जास्त इथे भेटतात.

म्हणून पाहुण्यांना विचार: त्या सकाळी त्यांच्यापुढे कुठल्या वाटा होत्या, आणि कुठली त्यांनी सोडली?

वेळ उरला तर दुसरी बाजूही काढ, भिडेखातर गिळू नकोस. १८६१ च्या एप्रिलमध्ये याच माणसाने ‘हेबियस कॉर्पस’, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावण्याचा हक्क, स्थगित केलं, लोक खटल्याशिवाय तुरुंगात गेले. हा स्थगितीचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, अध्यक्षांचा नाही, असं सरन्यायाधीश टॉनी यांनी लेखी बजावलं. लिंकन यांनी ते मानलं नाही. तो दुमडलेला कागद आणि हा स्थगितीचा हुकूम एकाच हातचे आहेत, माझ्या मनात त्यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

पाहुणे काय म्हणाले ते सविस्तर कळव. टॉनींबद्दलचं तर शब्दन् शब्द.

तुझे सर